क्लायस्ट्रॉन आणि टीडब्ल्यूटीमधले सिरॅमिक भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं ट्यूब जोडणाऱ्यांसाठी, सिरॅमिक घडवणाऱ्यांसाठी आणि या भागांची ऑर्डर काढणाऱ्यांसाठी आहेत. भर क्लायस्ट्रॉन आणि ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब, म्हणजे टीडब्ल्यूटी, या इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने मायक्रोवेव्ह वाढवणाऱ्या निर्वात ट्यूबांवर आहे. मायक्रोवेव्ह निर्माण करणारा जायरोट्रॉन ओघात येतो.

ट्यूबमध्ये सिरॅमिक नेमकं कुठे कुठे असतं?

पाच ठिकाणी. इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या गनपाशी कॅथोडचं उच्च व्होल्टेज पेलणारं नळकांडं. हीटरभोवती भरलेली अ‍ॅल्युमिनाची भुकटी. टीडब्ल्यूटीत हेलिक्सला, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहणाऱ्या धातूच्या वेटोळ्याला, चहूबाजूंनी धरणारे रॉड. शेवटी इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या कलेक्टरच्या टप्प्यांमधल्या इन्सुलेटर कड्या. आणि पॉवर बाहेर सोडून निर्वात आत ठेवणारी विंडो. याखेरीज नको असलेली दोलनं गिळणारे लॉसी (मायक्रोवेव्ह पॉवर शोषणाऱ्या) सिरॅमिकचे तुकडे असतात, त्यांचा वेगळा प्रश्न खाली आहे.

काच का सोडली? सुरुवातीच्या ट्यूब काचेच्याच होत्या ना?

होत्या. १९३७ साली स्टॅनफर्डला व्हेरियन बंधूंनी पहिला क्लायस्ट्रॉन केला तेव्हा निर्वात ट्यूब म्हणजे काच हेच समीकरण होतं. पण ट्यूब पंपावर असताना ४५० ते ५५० अंश से.ला कित्येक तास भाजावी लागते, म्हणजे भिंतीत अडकलेला वायू निघून जातो. नेहमीची काच तिथे मऊ पडायच्या बेतात येते. शिवाय मायक्रोवेव्हमध्ये तिचा लॉस जास्त आणि उष्णता वाहून नेण्याची ताकद नगण्य. अ‍ॅल्युमिना काचेच्या साधारण पंचवीसपट उष्णता वाहून नेतं. धातूशी पक्का जोड जमायला लागल्यावर पॉवर ट्यूबमधून काच मागे पडली.

९४ टक्के अ‍ॅल्युमिना घ्यावं की ९९.५? जास्त शुद्ध ते जास्त चांगलं, नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर "जागेवर अवलंबून" असंच आहे.

९४ ते ९६ टक्के अ‍ॅल्युमिनात उरलेला भाग सिलिका, मॅग्नेशिया, कॅल्शिया यांचा असतो. तो भाजताना कणांमध्ये काचेसारखा पसरतो, आणि हीच काच पुढे धातू जोडण्यासाठी चढवलेल्या मोलिब्डेनम-मँगेनीज थराला (म्हणजे मेटलायझिंगला) धरून ठेवते. त्यामुळे या दर्जावर जोड सहज आणि भरवशाचा बसतो. गनचं नळकांडं, कलेक्टरच्या कड्या, हीटरचे फीडथ्रू यांना हाच दर्जा घ्यावा. तिथे ९९.८ मागणं म्हणजे जास्त पैसे देऊन जोड अवघड करून घेणं.

विंडोचं गणित वेगळं. तिथे लॉस टँजंट (सिरॅमिक किती पॉवर गिळतं याचं माप) ०.०००१ च्या आसपास हवा, आणि तो ९९.५ टक्क्यांपासून वर मिळतो. ९४ टक्क्यांत तो याच्या कित्येक पट भरू शकतो. मात्र इतक्या शुद्ध सिरॅमिकमध्ये मेटलायझिंगला धरायला काच नसते. ती पेस्टमधून द्यावी लागते, म्हणजे मँगेनीज ऑक्साइड, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना पेस्टमध्येच मिसळायचे. कणांचा आकारही पाहा. १० ते २० मायक्रॉनच्या कणांवर काच नीट झिरपते, फार बारीक कणांच्या दाट सिरॅमिकवर थर वरवर बसतो.

उष्णता हीच मुख्य अडचण असेल तर अ‍ॅल्युमिनाच्या पलीकडे जावं लागतं. खोलीच्या तापमानाला उष्णता-वाहकता वॅट प्रति मीटर-केल्व्हिनमध्ये ढोबळमानाने अशी: अ‍ॅल्युमिना २५ ते ३०, अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड १७० ते २००, बेरिलिया (बेरिलियम ऑक्साइड) २५० च्या पुढे, सीव्हीडी (वायूतून थर चढवून केलेला) हिरा १८०० च्या पुढे. तापमान वाढलं की हे सगळेच आकडे घसरतात आणि बेरिलियाची घसरण मोठी आहे. २५ अंशांचा आकडा घेऊन ३०० अंशांवर चालणाऱ्या कलेक्टरचं डिझाइन केलं, तर कागदावरचा कलेक्टर थंड राहील, खरा तापेल.

हिरा खरंच वापरतात?

जायरोट्रॉनमध्ये वापरतात. ईटर या फ्यूजन (अणुसंमीलन) प्रकल्पाच्या १७० गिगाहर्ट्झ, १ मेगावॅट जायरोट्रॉनची विंडो कृत्रिम हिऱ्याची आहे: १०६ मिमी व्यासाची, सुमारे १.८५ मिमी जाड. हिऱ्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५.७ च्या घरात असल्याने त्या फ्रिक्वेन्सीला अर्धी तरंगलांबी ०.३७ मिमी येते. चकतीची जाडी त्याच्या बरोबर पाचपट आहे, म्हणून परावर्तन जवळपास शून्य. एस-बँड (२ ते ४ गिगाहर्ट्झ) क्लायस्ट्रॉनला हिऱ्याची गरज नसते.

बेरिलिया विषारी आहे म्हणतात. मग हात लावायचा की नाही?

भाजलेला, अखंड तुकडा हातात घ्यायला हरकत नाही. घातक आहे ती धूळ. घासणं, कापणं, कोरडी पॉलिश, फुटलेल्या तुकड्यांची झाडलोट यांतून उडणारे बारीक कण फुप्फुसात गेले की बेरिलिओसिस होऊ शकतो. हा आजार कधी कधी संपर्कानंतर कैक वर्षांनी दिसतो आणि पुरता बरा होत नाही. अमेरिकेत ८ तासांच्या पाळीसाठी हवेतली मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हा आकडा इतका लहान आहे की डोळ्यांना धूळ दिसत नाही म्हणून सगळं ठीक, असं धरून चालणार नाही.

म्हणून बेरिलियाचा भाग शेवटच्या मापातच मागवा. "थोडं घासून बसवू" हा विचार मनातही आणू नका. फुटलाच तर ओल्या फडक्याने उचलून बंद, लेबल लावलेल्या डब्यात ठेवा. झाडू किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका.

एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. बेरिलिया १००० अंशांच्या वर ओलसर वायूत तापवला तर पाण्याच्या वाफेशी संयोग होऊन बेरिलियम हायड्रॉक्साइड बनतं आणि ते वाफ होऊन उडतं. मेटलायझिंगची भट्टी तर ओल्या हायड्रोजनवरच चालते. भट्टीच्या थंड टोकाला ते पांढरट होऊन साचतं. अशी भट्टी बेरिलियासाठी वेगळी राखलेली असावी आणि तिचा धूर फिल्टरमधूनच बाहेर जावा.

हेलिक्सच्या रॉडसाठी एपीबीएन का सुचवतात?

एपीबीएन म्हणजे वायूतून थर चढवून केलेला बोरॉन नायट्राइड. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५ च्या आसपास आहे, बेरिलियाचा साडेसहाच्या पुढे. रॉडचा स्थिरांक जितका कमी, तितकं हेलिक्सभोवतीचं क्षेत्र रॉडमध्ये कमी ओढलं जातं, आणि शलाकेशी देवाणघेवाण चांगली होते. तो विषारी नाही. आणि तो किंचित दबतो, त्यामुळे हेलिक्सच्या टेपला अंगभर टेकतो.

पण तो थराथरांचा आहे. थराच्या दिशेने उष्णता चांगली वाहते, थराला आडवी फारच थोडी. रॉड उलट्या बाजूने कापला गेला तर रूप तेच, वजन तेच, आणि हेलिक्स मात्र जळतो. रॉडच्या टोकाकडून भिंगाखाली पाहिलं की पानं रचल्यासारखे थर दिसतात. उष्णता हेलिक्सपासून बाहेरच्या धातूच्या नळीकडे, म्हणजे बॅरलकडे, जायची आहे, तर थर त्याच दिशेला उभे असायला हवेत. हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

हेलिक्स, रॉड आणि बॅरल एकत्र कसे बसवतात?

साधारणपणे १२० अंशांवर तीन रॉड असतात. ते बॅरलमध्ये दाबून बसवायच्या तीन पद्धती आहेत: बॅरल तीन बाजूंनी दाबून किंचित त्रिकोणी करायचा आणि रॉड घातल्यावर सोडायचा, बॅरल तापवून फुगवायचा आणि थंड होताना आवळू द्यायचा, किंवा ब्रेझ करायचं, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने (फिलरने) जोडायचं. उष्णतेचा बराचसा अडथळा रॉडमध्ये नसून टेकण्याच्या जागांवर असतो. रॉडच्या उंचीत १० मायक्रॉनचा फरक पडला तरी एक रॉड घट्ट आणि दुसरा सैल राहतो. म्हणून तिन्ही रॉड एकाच लॉटमधले, मोजून जुळवलेले घ्यायचे.

रॉडवर मधल्या भागात कार्बनचा पातळ थर असतो, तो लहर क्षीण करणारा अ‍ॅटेन्युएटर. टोकांकडे तो हळूहळू विरत गेलेला असावा. एकदम तुटला असेल तर तिथून परावर्तन होतं आणि ट्यूब स्वतःच दोलायला लागते. हा थर बोटाने पुसला जाऊ शकतो. मधे धरू नका, टोकाला धरा.

आमच्या कारखान्यात साच्याचं माप काढताना दरवेळी भाग लहान येतो. कुठे चुकतं?

बहुधा टक्केवारीत. अ‍ॅल्युमिना भाजताना १६०० ते १७०० अंशांना रेषेत १६ ते २० टक्के आकसतं. समजा तुमची भुकटी १७ टक्के आकसते आणि शेवटी ५०.०० मिमी व्यास हवा. ५० मध्ये १७ टक्के मिळवून ५८.५ धरलं, तर भाजल्यावर ४८.५५ मिमी हातात येतं. कारण आकसणं कच्च्या मापाच्या १७ टक्के असतं, तयार मापाच्या नाही. भागायचं असतं: ५० भागिले ०.८३, म्हणजे ६०.२४ मिमी. वर डायमंड व्हीलने घासण्यासाठी बाजूला ०.२ ते ०.३ मिमी जास्त ठेवा.

दुसरं कारण म्हणजे दाबाची असमानता. एकाच बाजूने दाबलेल्या उंच नळकांड्याची तळाकडची घनता कमी राहते, ती बाजू जास्त आकसते आणि भाग शंकूसारखा येतो. उंच भागांना सगळीकडून सारखा दाब देणारं आयसोस्टॅटिक प्रेसिंगच लागतं.

मोलिब्डेनम-मँगेनीज मेटलायझिंग नेमकं कसं करतात आणि कुठे बिघडतं?

नेहमीची पेस्ट वजनाने ८० टक्के मोलिब्डेनम आणि २० टक्के मँगेनीजची. भुकटी बाइंडरसह दीड-दोन दिवस बॉल मिलमध्ये दळायची, कण २ ते ३ मायक्रॉनपर्यंत यायला हवेत. ब्रशने, स्प्रेने किंवा स्क्रीनने लावायची. सपाट कड्यांना स्क्रीन उत्तम. वाळल्यावर थर २५ ते ३५ मायक्रॉन, भाजल्यावर १५ ते २५.

मग १४०० ते १५०० अंशांना अर्धा ते एक तास, ओल्या हायड्रोजनमध्ये किंवा नायट्रोजन-हायड्रोजन मिश्रणात. ओलावा मुद्दाम द्यायचा असतो, वायू पाण्यातून बुडबुडत नेऊन दवबिंदू २० ते ३० अंशांवर ठेवतात. या ओलाव्यात मँगेनीजचं ऑक्साइड बनतं आणि मोलिब्डेनम धातूच राहतं. मँगेनीज ऑक्साइड सिरॅमिकमधल्या सिलिका-अ‍ॅल्युमिनाशी मिळून काच बनते, आणि ती काच मोलिब्डेनमच्या सच्छिद्र जाळ्यात केशाकर्षणाने चढते. जोड म्हणजे ही एकमेकांत गुंतलेली जाळी. चिकटवलेला थर असं त्याचं चित्र मनात धरलं की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

त्यावर ३ ते ५ मायक्रॉन निकेलचा मुलामा, आणि तो कोरड्या हायड्रोजनमध्ये ९५० अंशांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं बसवायचा. निकेल नसेल तर चांदी-तांब्याचं फिलर मोलिब्डेनमवर नीट पसरत नाही. निकेल फार पातळ असेल तर वितळलेलं फिलर ते खाऊन टाकतं.

बिघाड ओळखायचे असे. थर नखाने निघाला आणि खाली स्वच्छ पांढरं सिरॅमिक दिसलं, तर वायू कोरडा होता किंवा तापमान कमी पडलं. थर भट्टीतून जांभळट-तपकिरी होऊन आला, तर थंड होण्याच्या टप्प्यात ओला वायू चालू राहिला आणि मोलिब्डेनम गंजलं. त्यावर मुलामा धरणार नाही. निकेल बसवल्यावर फोड आले, तर मुलाम्याआधीची सफाई अपुरी. हे फोड ब्रेझिंगच्या आधी दिसले हे नशीबच समजा.

जोड ओढून तोडायची प्रमाणित चाचणी एएसटीएम एफ १९. तिचा आकडा नोंदवाच, पण तुटलेले तुकडेही पाहा. धातूला पांढऱ्या सिरॅमिकचा लचका चिकटून आला असेल तर जोड सिरॅमिकपेक्षा मजबूत होता. आकडा चांगला आणि तुटण्याची जागा वाईट, असा लॉट आम्ही पास करणार नाही.

अ‍ॅक्टिव्ह ब्रेझ वापरला तर ही सगळी कटकट वाचेल ना?

काही अंशी. चांदी-तांब्यात पावणेदोन टक्के टायटॅनियम असलेलं फिलर मेटलायझिंगशिवाय थेट सिरॅमिकला धरतं. ८३० ते ८५० अंश, चांगलं निर्वात. हायड्रोजन भट्टीत मात्र नाही, टायटॅनियम हायड्रोजन ओढून घेतं. अडचण अशी की हे फिलर वाहत नाही, जिथे ठेवाल तिथेच राहतं. सपाट कडीसाठी पट्टीचा तुकडा ठेवून काम होतं. नळकांड्याच्या अरुंद फटीत ते ओढलं जाणार नाही.

धातू कोणता घ्यावा? कोव्हार की तांबं?

कोव्हार (लोखंड-निकेल-कोबाल्टची मिश्रधातू) ४०० अंशांपर्यंत अ‍ॅल्युमिनाच्या जवळपास प्रसरण पावतं, म्हणून गन आणि कलेक्टरसाठी सोयीचं. पण ४३५ अंशांच्या आसपास त्याचं चुंबकत्व जातं आणि तिथून पुढे ते झपाट्याने फुगतं. ते चुंबकीय असल्याने शलाकेच्या फोकसिंग क्षेत्रात ढवळाढवळही करतं, आणि मायक्रोवेव्ह वाहायला वाईट आहे. शिवाय ताणाखालच्या उघड्या कोव्हारच्या कणांच्या सीमांमध्ये वितळलेली चांदी शिरते आणि धातू केसाएवढ्या रेषांनी फाटतो. ब्रेझिंगआधी अ‍ॅनील करून ताण काढावा आणि निकेल किंवा तांब्याचा मुलामा द्यावा.

विंडोला तांब्याची पातळ बाही असते, आणि खरी गंमत तिथे आहे. ९० मिमी व्यासाची अ‍ॅल्युमिना चकती तांब्याच्या बाहीत ८०० अंशांना ब्रेझ करायची आहे. तांबं त्या तापमानापर्यंत व्यासात सुमारे १.४ मिमी फुगतं, चकती सुमारे ०.५६ मिमी. म्हणजे खोलीत तंतोतंत बसवलेल्या जोडात भट्टीमध्ये प्रत्येक बाजूला ०.४ मिमीची फट पडते. चांदी-तांब्याला ०.०२५ ते ०.०७५ मिमी फट लागते. फिलर वितळतं आणि सरळ खाली गळतं.

उपाय म्हणजे बाहीभोवती मोलिब्डेनमची कडी किंवा तारेचे वेढे. मोलिब्डेनम तेवढ्याच तापमानाला जेमतेम ०.४ मिमी फुगतं, म्हणजे चकतीहूनही कमी. मऊ झालेल्या तांब्याला ते बाहेर जाऊ देत नाही, आत चकतीवर दाबतं. कडी बाहीला चिकटू नये म्हणून मध्ये अ‍ॅल्युमिनाची लुकणी लावतात. बाही अर्धा ते एक मिमी इतकी पातळच ठेवा. जाड बाही थंड होताना वाकत नाही, आणि मग वाकण्याऐवजी चकतीच्या कडेचा टवका उडतो.

तांबं ऑक्सिजनमुक्तच हवं. साध्या तांब्यातलं ऑक्साइड हायड्रोजन भट्टीत वाफ बनवतं, आणि ती वाफ तांब्याला आतून फोडते.

फिलर किती घालायचं?

त्याच चकतीचं गणित करू. परीघ २८३ मिमी, जाडी ३ मिमी, फट ०.०५ मिमी, म्हणजे सुमारे ४२ घनमिमी. ०.५ मिमी तारेच्या एका वेढ्यात ५५ घनमिमी माल असतो. एक वेढा पुरेसा, उरलेलं कोपऱ्यात बसतं. "असू दे" म्हणून दुसरा वेढा टाकला तर चांदी चकतीच्या पृष्ठभागावर ओघळते, आणि त्या ओघळाच्या टोकाशी पुढे ठिणगी पडते.

फिलर ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं, वितळबिंदू ७८० अंश, निर्वात दर्जाचं. बाजारातल्या सिल्व्हर सोल्डरमध्ये जस्त किंवा कॅडमियम असतं. ते ट्यूबमध्ये वाफ होऊन कॅथोडवर जाऊन बसतं. ट्यूबमध्ये आधीचे जोड असतील तर ते जास्त तापमानाच्या फिलरने झालेले हवेत, म्हणजे ९५० ते १००० अंशांच्या आसपासची सोन्याची मिश्रधातू, नाहीतर दुसऱ्या फेरीत पहिला जोड सुटतो. भट्टी मिनिटाला ५ ते १० अंशांपेक्षा वेगाने थंड करू नका.

विंडो किती तापते? लॉसमुळेच फुटते का?

आकड्यांनीच पाहू. स्टॅनफर्डच्या एसएलएसी प्रयोगशाळेचा ५०४५ क्लायस्ट्रॉन २८५६ मेगाहर्ट्झला ६५ मेगावॅट देतो, ३.५ मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये. सेकंदाला १२० पल्स धरल्या तर सरासरी पॉवर साधारण २७ किलोवॅट. समजा ही सगळी ३ मिमी जाड, ०.०००१ लॉस टँजंटच्या अ‍ॅल्युमिनाच्या एकाच चकतीतून गेली. चकतीत मुरते ती ढोबळमानाने दहा हजारात दोन भाग, म्हणजे पाच-साडेपाच वॅट. कड थंड ठेवली तर मध्य आणि कडेत फरक सहा अंशांच्या घरात. एवढ्याने अ‍ॅल्युमिना फुटत नाही.

चित्र पालटतं ते सरासरी पॉवर शेकडो किलोवॅट झाली की. चकतीत १०० वॅट मुरले तर फरक शंभर अंशांवर जातो, आणि कडेला तेव्हा सुमारे १३० मेगापास्कल ताण येतो. ३०० मेगापास्कल वाक-ताकदीच्या सिरॅमिकला हे कागदावर चालेल, पण कडेच्या घासण्यात राहिलेला एखादा ओरखडा ती ताकद सहज अर्ध्यावर आणतो. समोरून परावर्तन आलं आणि चकती नेमकी उभ्या लहरीच्या शिखरावर सापडली, तर मुरणारी उष्णता वाईटात वाईट चौपट होते.

म्हणून जाडी वाढवून सुरक्षितता मिळत नाही. जाडीसोबत लॉसही वाढतो. एस-बँडला पूर्ण अर्ध्या तरंगलांबीची चकती जवळपास १७ मिमी भरेल, म्हणून पिलबॉक्स रचनेत ३ मिमीच्या आसपासची पातळ चकती घेऊन तिचं परावर्तन दोन्ही बाजूंच्या गोल वेव्हगाइडच्या (मायक्रोवेव्ह नेणाऱ्या धातूच्या नळीच्या) लांबीने खोडतात.

मग पल्स ट्यूबची विंडो फुटते कशाने?

बहुधा मल्टिपॅक्टरने. अ‍ॅल्युमिनाच्या उघड्या पृष्ठभागावर एक इलेक्ट्रॉन आदळला की सहा-सात बाहेर पडू शकतात. मायक्रोवेव्हच्या तालावर ते परत येऊन आदळतात, आणखी काढतात, आणि काही पल्समध्ये पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा पाऊस सुरू होतो. तो ठिपक्यापुरती उष्णता ओततो. चकती चालू असताना निळसर चमकते ती यामुळेच. लालसर ठिपके दिसले तर सिरॅमिकमध्ये क्रोमियमचा अंश आहे. फुटलेल्या विंडोवर झाडाच्या मुळांसारख्या रेषा किंवा वितळलेले बारीक खड्डे सापडतात.

उपाय म्हणजे निर्वाताकडच्या बाजूला टायटॅनियम नायट्राइडचा थर, १ ते १० नॅनोमीटर. एवढा पातळ थर लावल्यावर चकती पांढरीच दिसते. थर नजरेला स्पष्ट राखाडी दिसायला लागला तर तो जाड झाला आहे आणि स्वतःच तापणार आहे. ब्रेझिंगनंतर लावायचा, आधी लावला तर भट्टीत बदलतो.

ट्यूब नवी असेल तर पॉवर हळूहळू चढवा: आधी आखूड पल्स, मग लांब, आणि नजर आयन पंपाच्या करंटवर. करंट उसळला की पॉवर खाली. आर्क डिटेक्टरने काही मायक्रोसेकंदांत ड्राइव्ह (ट्यूबला दिलेला इनपुट) तोडायला हवा. तो बायपास करून "एवढी एक फेरी काढू" म्हणणाऱ्याला नवीन ट्यूबची किंमत आधी सांगावी.

घोस्ट मोड म्हणजे काय?

सिरॅमिकमुळे चकतीपाशी अडकून पडणारा, वेव्हगाइडमधून बाहेर न जाऊ शकणारा अनुनाद. तो कामाच्या बँडमध्ये आला तर चकती कारण न दिसता तापते. डिझाइन करतानाच तपासावा, आणि सिरॅमिकचा लॉट बदलला तर पुन्हा. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९.४ वरून ९.८ झाला तरी तो सरकतो.

लॉसी सिरॅमिक म्हणजे खराब सिरॅमिकच ना?

नाही, ते मुद्दाम लॉसी केलेलं असतं. पूर्वी बेरिलियात सिलिकॉन कार्बाइड मिसळत, आता बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइडचं मिश्रण चालतं. कपल्ड-कॅव्हिटी (हेलिक्सऐवजी जोडलेल्या पोकळ्यांच्या) टीडब्ल्यूटीत त्याची बटणं असतात, नको त्या फ्रिक्वेन्सीला ती पॉवर गिळतात. बटण तांब्याच्या वाटीत ब्रेझ केलेलं हवं, नुसतं अडकवलं तर गिळलेली उष्णता जायला वाट नाही. लॉटागणिक लॉस बदलतो, म्हणून प्रत्येक लॉट कामाच्या फ्रिक्वेन्सीला आणि गरम करून मोजा.

चकतीवर राखाडी रेघ आली आहे, पुसली जात नाही. चालेल?

नाही. ही रेघ बहुधा स्टीलच्या चिमट्याची आहे. अ‍ॅल्युमिना स्टीलपेक्षा कितीतरी कठीण, म्हणून चिमटा सिरॅमिकवर पेन्सिलीसारखा उमटतो. रेघेत धातू आहे, आणि पॉवर आली की तीच आधी तापते. खरी पेन्सिलही नको, ग्रॅफाइट वीज वाहतं. प्लॅस्टिकच्या किंवा सिरॅमिक टोकांचा चिमटा वापरा, क्रमांक मेटलायझ न होणाऱ्या बाहेरच्या कडेला किंवा पाकिटावर लिहा.

मेटलायझिंगच्या आधी असेल तर रेघ सौम्य आम्लाने काढून, शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक सफाई करून, हवेत १००० अंशांना तासभर भाजा. सगळा सेंद्रिय मळ जळून जातो. मेटलायझिंगनंतर हवेत भाजणं बंद, मोलिब्डेनम जळेल.

गळती कशी तपासावी?

नंग्या सिरॅमिकवर आधी रंगाची चाचणी: फुक्सिनच्या द्रावणात बुडवा, धुवा. तड्यात किंवा सच्छिद्र जागी गुलाबी रेघ राहते. मग भाजून रंग काढा. ब्रेझ झाल्यावर हेलियम लीक डिटेक्टर, आणि मर्यादा एक अब्जांश मिलिबार-लिटर प्रति सेकंदाच्या खालीच. एकदा तपासून थांबू नका. खोलीच्या तापमानापासून ४५० ते ५०० अंशांपर्यंत तीन ते पाच फेऱ्या द्या आणि पुन्हा तपासा. कच्चा जोड पहिल्या तपासणीत हमखास पास होतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उघडतो. आणि जोडावर घामेजलं बोट, अल्कोहोल किंवा ओलावा असेल तर बारीक गळती तात्पुरती बुजते आणि डिटेक्टर फसतो.

फुटलेला सिरॅमिक दुरुस्त होतो का?

ट्यूबमध्ये नाही. इपॉक्सी लावलेली विंडो निर्वात धरल्यासारखी वाटते, पण वायू सोडत राहते. गनचं नळकांडं बाहेरून इन्सुलेशनच्या तेलाच्या बाजूने काळवंडलं असेल, तडा नसेल, तर सॉल्व्हंटने पुसून, तेल गाळून पुन्हा चालवता येतं.

भारतात हे काम कुठे चालतं?

पिलानीची सीएसआयआर-सीईईआरआय आणि बेंगळुरूचं डीआरडीओचं एमटीआरडीसी ही संशोधनाची मुख्य ठिकाणं, आणि उत्पादनात बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारात मुख्यालय असलेल्या समीर संस्थेने कर्करोगाच्या उपचारासाठीचे लिनॅक (इलेक्ट्रॉनांना वेग देणारी यंत्रं) विकसित केले. अशा यंत्रात मायक्रोवेव्ह ट्यूब आणि प्रवेगक नळीच्या मध्ये सिरॅमिक विंडोच असते, आणि वर लिहिलेलं बहुतेक सगळं तिलाही लागू आहे.

ऑर्डरमध्ये काय काय लिहावं?

नुसतं "९९.५ अ‍ॅल्युमिना, ड्रॉइंगप्रमाणे" लिहू नका. किमान घनता लिहा, ९९.५ टक्क्यांसाठी ३.८५ ग्रॅम प्रति घनसेमी. डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि लॉस टँजंट तुमच्या फ्रिक्वेन्सीला मोजलेले मागा. १ मेगाहर्ट्झचा आकडा विंडोला उपयोगाचा नाही. जोडाच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.४ ते ०.८ मायक्रॉन. कडांना ०.२ मिमी चँफर (तिरका उतार), नाहीतर टवके ठरलेले. टवक्यांची कमाल लांबी-रुंदी आणि ते जोडाच्या जागी अजिबात नसावेत, हे वेगळं लिहा. मेटलायझिंगची हद्द कुठे संपते, ते मापासह. रंगद्रव्य नको. आणि त्याच लॉटमधून, त्याच भट्टीत भाजलेले निदान पाच ओढ-चाचणीचे नमुने भागांसोबत आलेच पाहिजेत. ते नंतर पाठवतो म्हणणाऱ्या पुरवठादाराला भागही नंतरच पाठवायला सांगा.